तातडीचा रुग्ण: आधी जवळचं रुग्णालय, मग मुंबई

‘छातीत दुखायला लागलं तर पालघरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं की सरळ मुंबई गाठायची?’ ‘अपघातातल्या माणसाला उचललं तर पोलीस मागे लागतील का?’ ‘हातात पैसे नसतील तर खासगी रुग्णालयवाले दारातूनच परत पाठवतील का?’ पालघर, बोईसर आणि तारापूर पट्ट्यातले वाचक हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. वेळ आली की शेजारीपाजारी प्रत्येकाचा सल्ला वेगळा असतो आणि त्या गोंधळात पहिला अर्धा तास जातो. हा लेख त्या अर्ध्या तासासाठी आहे. शांत वेळी वाचा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

थेट मुंबई हा सहसा चुकीचा निर्णय का?

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. तरीही मेंदूची शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी किंवा व्हेंटिलेटरची वेळ आली की रुग्णाला मुंबई, ठाणे, सिल्व्हासा किंवा वलसाडला हलवावं लागतं, हा इथल्या बहुतेक घरांचा अनुभव आहे. त्यामुळे ‘नाहीतरी पुढेच पाठवणार, मग इथे वेळ कशाला घालवायचा’ असं लोकांना वाटतं. हा विचार समजण्यासारखा आहे, पण जीवघेणा ठरू शकतो.

पालघरहून मुंबई रस्त्याने सुमारे 100 किलोमीटर आहे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कधी कोंडी होईल याचा नेम नाही. जुलै 2025 च्या अखेरीस डोक्यावर झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या पालघर भागातल्या एका महिलेला रुग्णवाहिकेतून मुंबईला नेत होते. महामार्गावरच्या कोंडीत गाडी तासन्‌तास अडकली आणि मुंबई गाठण्याआधीच त्या गेल्या. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका गरोदर महिलेचा कासा येथून सिल्व्हासाला नेताना वाटेत मृत्यू झाला. त्या रुग्णवाहिकेत प्राणवायू नव्हता, अशी कुटुंबीयांची तक्रार होती.

या दोन्ही घटनांत रुग्ण आधी जवळच्या रुग्णालयात गेलेला होता. घात झाला तो पुढच्या प्रवासात. म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या: पहिल्या रुग्णालयात रुग्णाला स्थिर करून घ्यायचं आणि पुढचा प्रवास चौकशी करूनच करायचा. दुसऱ्या गोष्टीकडे आपलं फार दुर्लक्ष होतं.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, तसंच बोईसर-पालघरच्या मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात पुढची कामं होऊ शकतात:

- ईसीजी काढून हृदयविकाराचा झटका ओळखणं, अ‍ॅस्पिरिन देणं आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणं
- रक्तस्राव थांबवणं, सलाईन लावणं, मोडलेल्या हाडाला आधार देणं
- प्राणवायू, दम्याच्या रुग्णाला नेब्युलायझर, आकडी थांबवणारं इंजेक्शन
- सर्पदंशावरचं प्रतिविष, कीटकनाशकाच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन

यातलं प्रत्येक काम वेळेशी बांधलेलं आहे. ते मनोरच्या पुढे गाडीत होणार नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा, तो म्हणजे पक्षाघात. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळू लागलं, तर मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. सीटी नसलेल्या ठिकाणी इथे वेळ खरोखरच वाया जातो. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून ‘सीटी चालू आहे का आणि पक्षाघाताचं इंजेक्शन देता का’ एवढंच विचारा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून घ्या.

108 ला फोन करताना

राज्याची 108 रुग्णवाहिका सेवा 2014 पासून सुरू आहे आणि ती मोफत आहे. तिच्यात दोन प्रकारच्या गाड्या असतात. काहींत व्हेंटिलेटरसह प्रगत सोयी असतात, बाकीच्यांत मूलभूत सोयी असतात. गरोदर महिला, बाळंतीण आणि आजारी तान्ह्या बाळांसाठी 102 ची गाडी आहे. पोलीस, आग किंवा काहीच सुचत नसेल तेव्हा 112.

पत्ता सांगताना आपल्या भागात हमखास घोळ होतो. पाटीलपाडा, डोंगरीपाडा ही नावं एकाहून अधिक ठिकाणी सापडतात. नुसतं पाड्याचं नाव सांगू नका. ग्रामपंचायत, तालुका आणि जवळची शाळा, अंगणवाडी किंवा नाका सांगा. औद्योगिक वसाहतीत असाल तर कंपनीच्या नावाबरोबर प्लॉट क्रमांक सांगा आणि एका माणसाला गेटबाहेर उभं करा. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर रुग्णाला डांबरी रस्त्यावर कुठे आणणार, ते फोनवरच ठरवा. आशाताईंचा नंबर घरात प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. कोणती गाडी कुठे उभी आहे, हे बऱ्याचदा त्यांनाच आधी माहीत असतं.

गाडीला फार वेळ लागणार असं कळलं तर वाट बघत बसू नका. रिक्षा, टेम्पो, शेजाऱ्याची गाडी, जे मिळेल त्यातून निघा आणि 108 ला तसं कळवा. शक्य असेल तर रुग्णवाहिका वाटेत गाठता येते. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाला मात्र दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. त्याला फळीवर सरळ झोपवून न्या.

कॅज्युअल्टीच्या दारात

इथे नंबराने बोलावत नाहीत. ज्याचा जीव जास्त धोक्यात आहे त्याला आधी घेतात. तुमच्यानंतर आलेल्याला आत नेलं म्हणून भांडू नका. मात्र पुढीलपैकी काही दिसत असेल तर रांगेतही थांबू नका, ‘सिस्टर, हे आत्ता बघा’ असं मोठ्याने सांगा:

- श्वास लागणे, ओठ किंवा नखं निळी पडणे
- छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ
- शुद्ध हरपणे, न थांबणारी आकडी, पक्षाघाताची लक्षणं
- न थांबणारं रक्त. गरोदरपणात रक्तस्राव, झटके किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी
- सर्पदंश, विषबाधा, मोठं भाजणं
- तान्हं बाळ दूध ओढत नसणे किंवा निपचित पडणे

मधुमेही, वृद्ध आणि महिला यांच्यात हृदयविकाराचा झटका नुसती मळमळ, घाम, धाप असाही येतो. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोड्यावर भागवू नका, ईसीजी मागा.

डॉक्टरांना पहिल्या मिनिटात चार गोष्टी सांगा: काय झालं, किती वाजता झालं, आधीचे आजार आणि चालू गोळ्या, आणि एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटं पिशवीत घालून आणा. रुग्णाजवळ एकानेच थांबावं, दुसऱ्याने केसपेपरचं पाहावं. दहाजण आत घुसले की सिस्टरला सलाईन लावायलासुद्धा जागा उरत नाही. रात्रपाळीला बहुधा एकच वैद्यकीय अधिकारी असतो आणि भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. ‘तज्ज्ञांना फोन केला का, ते किती वेळात पोचतील’ असं शांतपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आधार कार्ड, रेशन कार्ड जवळ असेल तर उत्तम. नसेल तरी तातडीचे उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्या-उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. मुंबईतल्या महापालिकेच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही. तिथे थोडं शुल्क पडतं.

साप, विंचू, कुत्रा आणि समुद्रातला काटा

भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश वाढतात. बांधावर किंवा गवतात फुरसं, घोणस किंवा नाग चावला की लगेच कळतं तरी. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूण जवळजवळ दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, घसा जड होणं आणि पापण्या मिटू लागणं अशी सुरुवात झाली तर साप दिसला नसला तरी सर्पदंशच समजून निघा.

- चावलेला भाग हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका. फडक्याने आवळून बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं हे पूर्ण टाळा.
- अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा. सूज चढल्यावर निघत नाहीत.
- साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका. दंशाची वेळ लक्षात ठेवा.
- प्रतिविष कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांतही असतं. जाता जाता फोन करून खात्री करा.
- बरं वाटलं तरी 24 तास निरीक्षणाखाली राहा.

भगताकडे जाण्याची चाल इथे जुनी आहे आणि तिच्यामागची श्रद्धाही खरी आहे. भगताला रुग्णालयात बोलवा किंवा घरी परतल्यावर त्याच्याकडे जा, पण प्रतिविष आधी. काही भगत स्वतःच रुग्णाला गाडीत बसवून देतात. त्यांचं हे काम मोलाचं आहे.

लाल विंचू चावून घाम, उलट्या आणि थंड हातपाय होऊ लागले, विशेषतः लहान मुलाला, तर तो हृदयावरचा परिणाम असू शकतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या संशोधनामुळे प्राझोसिन हे औषध यावर रूढ झालं. गोळी साधी आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यावी लागते.

कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. लस त्याच दिवशी सुरू करा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन किंवा सीरम लागतं. ते तिथे नसेल तर कुठे मिळेल, हे विचारून त्याच दिवशी तिकडे जा. पुढच्या तारखा कार्डावर लिहून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर लोक येईनासे होतात आणि धोका तिथेच असतो.

सातपाटी, मुरबे, दांडीच्या खलाशांसाठी: पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, कळ कमी होते. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर ओढून काढू नका, तसाच रुग्णालयात घेऊन जा.

कारखान्यातला अपघात

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगार वाचकांनी हा भाग नीट वाचावा. अंगावर अ‍ॅसिड किंवा अल्कली उडाली की पहिला उपचार रुग्णालयात नसतो, तो कारखान्याच्या शॉवरखाली असतो. कपडे, मोजे, हातमोजे काढा आणि किमान 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून धुवा. आम्लावर सोडा, अल्कलीवर लिंबू असले प्रयोग करू नका. पुष्कळदा कामगार तसेच भिजलेले हातमोजे घालून रिक्षातून रुग्णालयात येतात आणि वाटभर ते रसायन आतल्या कातडीत मुरत राहतं.

कोणतं रसायन होतं, ते सांगता आलं पाहिजे. ड्रमवरच्या लेबलचा फोटो काढा, सुपरवायझरकडून सेफ्टी डेटा शीट मागून घ्या. ‘कुठलंतरी केमिकल होतं’ एवढ्यावर डॉक्टर योग्य औषध निवडू शकत नाहीत. वायू हुंगला गेला असेल तर लगेच बरं वाटलं तरी पाळी संपल्यावर खोलीवर जाऊन झोपू नका. काही वायूंमुळे कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. ऑगस्ट 2025 मध्ये इथल्याच एका औषध कंपनीत नायट्रोजनच्या गळतीने 4 कामगार गेले. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. बंद जागेत सहकारी कोसळलेला दिसला तर श्वासाच्या उपकरणाशिवाय त्याच्यामागे आत उतरू नका, आधी आरडाओरडा करून मदत मागवा.

आता केसपेपरबद्दल. ‘खोलीत पडलो असं सांग, खर्च आम्ही करतो’ असा दबाव ठेकेदाराकडून येतो. तसं सांगू नका. डॉक्टरांना ‘कामावर असताना, अमुक कंपनीत, अमुक वाजता’ असंच सांगा आणि कागदावर तसंच लिहिलंय ना, ते वाचून घ्या किंवा कोणाकडून तरी वाचवून घ्या. नुकसानभरपाई आणि अपंगत्वाचा लाभ याच एका ओळीवर उभा असतो. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या सहकाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याच्यासाठी हे काम तुम्ही करा. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर कामावरच्या दुखापतीला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. विमा क्रमांकाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

पोलीस केस

अपघात, भाजणं, विषबाधा, मारहाण यांत डॉक्टर एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. त्याचा उपचारांशी संबंध नाही. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असं कोणी म्हणालं तर ते बेकायदा आहे. परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जीव वाचवण्याचं काम आधी करायचं.

अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोचवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ चं संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, पैसे भरायची नाही, थांबून राहायचीही नाही. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून 7 दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. अट अशी की रुग्णालय योजनेतलं हवं. पोलिसांकडून अपघाताची खातरजमाही लागते, म्हणून 112 ला कळवणं तुमच्याच फायद्याचं आहे.

लैंगिक अत्याचाराच्या किंवा अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडितेला कोणत्याही रुग्णालयाने तात्काळ आणि मोफत उपचार द्यायचे, असा कायदा आहे. नकार देणं हा गुन्हा आहे.

खासगीत गेलात तर पैशाचं काय?

अनामत रक्कम नाही म्हणून जीव धोक्यात असलेल्याला प्राथमिक, जीवरक्षक उपचारांशिवाय परत पाठवता येत नाही. सोय नसेल तर जमतील ते उपचार करून, चिठ्ठी देऊन पाठवायचं असतं. दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनी बंधनकारक आहे आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व रहिवाशांना कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. फक्त संलग्न रुग्णालय आणि यादीतला आजार हवा. दारातच योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा. कागद घरी राहिले असतील तर तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे. हेल्पलाइन 155388. पैसे भरून झाल्यावर योजनेचं आठवलं तर फार त्रास होतो, म्हणून भरती होतानाच विचारा.

पुढे मुंबईतल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा.

‘पुढे न्या’ म्हणाले तर

कित्येकदा हातात येणाऱ्या चिठ्ठीवर ‘रेफर टू हायर सेंटर’ एवढीच ओळ आणि एक सही असते. तेवढी चिठ्ठी घेऊन निघू नका. विनंती करा, आग्रह धरा, पण पुढची उत्तरं घेऊनच गाडीत बसा:

1. कोणत्या रुग्णालयात न्यायचं आणि तिथे फोन करून खाट, आयसीयू किंवा तज्ज्ञ असल्याची खात्री केली का?
2. इथे कोणती औषधं किती वाजता दिली, ते चिठ्ठीवर लिहिलंय का? ईसीजी, एक्स-रे सोबत दिले का?
3. गाडीत प्राणवायूचा सिलिंडर भरलेला आहे का? काटा डोळ्यांनी पाहा. डॉक्टर सोबत येणार का?
4. वेदनेचं किंवा गुंगीचं इंजेक्शन किती वेळ पुरेल? रस्त्यात अडकलो तर पुढचा डोस कोण देणार?
5. आत्ता महामार्गाची स्थिती काय आहे? घोडबंदरला कोंडी असेल तर वसई-विरार किंवा मीरा रोडला अलीकडे सोय होईल का? डहाणू-तलासरीकडून सिल्व्हासा किंवा वलसाड लवकर गाठता येईल का?

गाडी निघाली की वाटेत खाट मिळेना म्हणून एका दारातून दुसऱ्या दारात फिरावं लागतं, ते टाळण्याचा एकमेव उपाय पहिला प्रश्न आहे.

उलट प्रसंगही येतो. डॉक्टर थांबायला सांगतात आणि नातेवाईकांनाच पुढे न्यायचं असतं. तेव्हा ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा कागदावर सही घेतात. सही करण्याआधी ‘आणखी किती तास थांबलं तर प्रवास सुरक्षित होईल’ हे विचारा. तशी सही केली तरी आत्तापर्यंतच्या उपचारांचे कागद मिळण्याचा तुमचा हक्क जात नाही. मागणी केल्यावर 72 तासांत रुग्णालयाने ते द्यायला हवेत.

तक्रार कुठे करायची?

डॉक्टर किंवा सिस्टरवर हात उगारणं हा गुन्हा आहे, आणि त्यानंतर त्या रात्री आलेल्या दुसऱ्या रुग्णांचेही उपचार थांबतात. तक्रार लेखी करा: तारीख, वेळ, केसपेपर क्रमांक, काय झालं ते चार ओळींत. पोच घ्या.

प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाबद्दल आधी तिथले वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्य चिकित्सक. ही दोन वेगळी खाती आहेत. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की महिनोन्‌महिने फिरत राहतो. खासगी रुग्णालयाबद्दल नोंदणी देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे, डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि रुग्णवाहिका आली नाही तर कॉलची वेळ दाखवणारा फोनचा स्क्रीनशॉट जोडून जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. तो स्क्रीनशॉट त्याच रात्री काढून ठेवा. कॉलची यादी काही दिवसांत पुसली जाते.